पनवेलचा कललेला कातळ आणि महाराष्ट्राच्या नद्या

पनवेलचं नाव जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांत गेलं ते इथल्या खडकाच्या कलामुळे. पनवेलहून माथेरानच्या कड्याकडे पाहिलं तर काळ्या कातळाचे पट्टे एकावर एक जवळजवळ आडवे दिसतात. तोच कातळ पश्चिमेला पारसिकच्या टेकड्यांत आणि पुढे मुंबई-साष्टीत समुद्राकडे झुकलेला आहे. कल बहुतेक ठिकाणी दहा-पंधरा अंशांचा. ओटीवर अंथरलेली घोंगडी कडेवरून खाली उतरावी तसे लाव्ह्याचे थर इथे वाकून खाली गेले आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले जे. बी. ऑडन (कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांचे थोरले भाऊ) यांनी १९४९ साली याला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हटलं आणि ते नाव कायमचं रूढ झालं.

हा वाक किनाऱ्याला समांतर, साधारण उत्तर-दक्षिण असा शंभर किलोमीटरहून अधिक लांब गेला आहे. गोदावरी, भीमा, कृष्णा समुद्राकडे पाठ करून पूर्वेला का निघाल्या, पनवेलकडच्या गाढी आणि पाताळगंगा या नद्या इतक्या आखूड का, पनवेलचं बंदर का उथळ झालं, आणि आज पनवेलच्या नळाला येणारं बरंचसं पाणी मुळात कोणत्या खोऱ्यातलं, हे सगळे प्रश्न या वाकाच्या आसपास एकत्र येतात. अभ्यासकांनी ते सुटे सुटे हाताळले आहेत. ते एकत्र मांडण्यामागे माझा एक आग्रह आहे. नदीच्या पाण्याचा हिशेब आपण दशलक्ष लिटरमध्ये ठेवतो, तसा तिच्या खडकाचा आणि गाळाचा ठेवत नाही, आणि पनवेलसारख्या ठिकाणी ही चूक महागात पडते.

आधी खडक. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे लोट एकामागून एक पसरत गेले. झिजून गेल्यावर आजही त्यांनी जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे, आणि सह्याद्रीत या थरांची जाडी दीड-दोन किलोमीटरवर जाते. रस्त्यासाठी डोंगर कापला आहे अशा कुठल्याही जागी उभं राहा. तळाला भेगाळलेला, घणाला दाद न देणारा काळा पाषाण असतो. त्याच्यावर स्पंजासारखा सच्छिद्र थर, ज्याला विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात. लाव्हा थिजताना त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या पुढे झिओलाइटच्या पांढऱ्या-हिरवट खड्यांनी भरल्या. त्याच्या माथ्यावर वीतभर ते हातभर जाडीची विटकरी मातीची पट्टी. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात जमीन उघडी राहिली तेव्हा झालेली ही माती, पुढच्या लोटाखाली भाजून निघालेली. तिच्यावर पुन्हा काळा पाषाण.

नदीच्या दृष्टीने ही उतरंड फार महत्त्वाची. पावसाचं पाणी पाषाणाच्या भेगांतून उतरतं, मांजऱ्यात साठतं आणि विटकरी पट्टीवर अडतं. ती मातीची असल्याने पाणी सहज खाली जाऊ देत नाही. मग ते डोंगराच्या कुशीत आडवं बाहेर पडतं. माथेरान-प्रबळच्या उतारावरचे झरे आणि त्यांच्या आधाराने वसलेल्या ठाकूर-कातकरी वाड्या या रचनेवर उभ्या आहेत. मात्र पाषाणाच्या पोटात पाणी साठायला जागा फार थोडी. म्हणून कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही मार्च उजाडला की ओढे कोरडे पडतात.

थर वाकले कशाने, यावर अजून एकमत नाही. एका मतानुसार खालच्या जुन्या खडकातला मोठा तडा हलला आणि वरचा लाव्हा त्यावर वळला. देसाई आणि बर्ट्रांड यांनी १९९५ साली मांडलं की हा साधा वाक नाही, भूकवच ताणलं जाताना पडलेल्या अनेक तड्यांनी मिळून झालेली ही रचना आहे. मुंबईच्या हेतू शेठ यांनी १९९८ मध्ये या सगळ्या पुराव्याची फेरतपासणी केली. तपशिलांत मतभेद असले, तरी भारताची पश्चिम कड ताणली गेली, सेशेल्सचा तुकडा सुटून गेला आणि किनाऱ्याकडचा भाग खाली गेला, हे बहुतेक सगळे मानतात. या ताणाच्या खुणा कोकणभर आहेत. कातळ चिरत उत्तर-दक्षिण गेलेल्या खडकाच्या उभ्या भिंती दिसतात. वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव ते थेट राजापूर अशी गरम पाण्याच्या झऱ्यांची रांगही किनाऱ्याला समांतर जाते. पावसाचं पाणी तड्यांतून खोल उतरतं, तापतं आणि पुन्हा वर येतं.

नद्यांच्या दिशेचा वादही असाच. कीथ कॉक्स यांनी १९८९ साली ‘नेचर’मध्ये असा विचार मांडला की लाव्हा वर येताना जमीन घुमटासारखी फुगली, तिच्या माथ्यावरून पाणी किनाऱ्यापासून दूर, आतल्या बाजूला वाहू लागलं आणि नंतर भूखंड फुटला तरी नद्यांनी दिशा सोडली नाही. दुसरा विचार सांगतो की किनाऱ्याकडचा प्रचंड भार झिजून समुद्रात गेला, हलकी झालेली कड हळूहळू उचलली जात राहिली आणि त्यामुळे पूर्वेचा उतार टिकून राहिला, वाढलाही. माइक विडोसन यांनी महाबळेश्वरच्या माथ्यावरचा आणि कोकणातल्या सड्यांवरचा जांभा अभ्यासून या मताला बळ दिलं. मला दोन्ही विचार एकमेकांना पूरक वाटतात. पहिला नदीची मूळ दिशा सांगतो, दुसरा ती इतकी कोटी वर्षं का बदलली नाही ते सांगतो.

परिणाम मात्र नकाशावर स्पष्ट आहे. गोदावरी त्र्यंबकेश्वरला, अरबी समुद्रापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर उगवते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. महाबळेश्वरहून निघणारी कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटर. भीमेचा उगम तर कर्जतच्या डोक्यावर आहे. भीमाशंकरच्या कड्यावर पडलेल्या सरीचा एक थेंब पश्चिमेला गेला तर उल्हासमधून काही तासांत वसईच्या खाडीत पोचतो. दुसरा पूर्वेला गेला तर पंढरपूर, रायचूर करत आंध्रपर्यंत जातो.

पश्चिमेच्या नद्या आखूड, पण उतार तीव्र असल्याने त्यांचा खोदण्याचा वेग मोठा. त्या डोंगर खात खात पूर्वेला सरकतात आणि सह्याद्रीचा कडा मागे रेटतात. लोणावळ्याला उभं राहिलं की याचा पुरावा मिळतो. इंद्रायणीचं रुंद, सपाट खोरं उगमाशीच, जणू मधूनच, सुरू होतं. एवढं खोरं कोरायला लागणारी नदी आज तिथे नाही. तिचा वरचा भाग कड्यासकट झिजून गेला आहे, आणि पलीकडे खंडाळ्याच्या दरीत उल्हासचे ओढे अजून आपलं काम करत आहेत.

बसाल्ट, म्हणजे हा काळा कातळ, फुटला की त्याचं काय होतं, यावर नदीचा स्वभाव ठरतो. या खडकात क्वार्ट्झ जवळजवळ नाही, त्यामुळे त्याची पांढरी वाळू होत नाही. तो कुजून चिकणमाती होतो. कमी पावसाच्या पठारावर ती काळी कसदार माती बनते, अतिपावसात धुपून जांभा उरतो. अलिबाग-किहीमचे किनारे काळपट आणि मालवण-तारकर्लीचे पांढरे, हा फरकही इथूनच येतो. दक्षिणेला बसाल्ट संपत जातो आणि क्वार्ट्झाइट-ग्रॅनाइटचा मुलूख लागतो. पाण्याची चवही खडकच ठरवतो. बसाल्टवरून आलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट विरघळलेले असतात. हा खडक कुजताना हवेतला कार्बन डायऑक्साइड मोठ्या प्रमाणावर खर्ची पडतो, हे सेलीन देसेर आणि सहकाऱ्यांनी २००१ साली दख्खनच्या नद्यांचं पाणी तपासून दाखवलं. घाटात पाणी झरझर वाहून जातं म्हणून मऊ. नगर-सोलापूरकडे ते जमिनीत मुरून, आटून जड होतं. विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यात तर शेकडो मीटर जाडीच्या गाळाने भूजल खारं केलं आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्याचा खारपाणपट्टा तो हाच.

पूर्वेला गेलेल्या गाळाची कहाणी सगळ्यात विस्मयकारक आहे आणि ती आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही. डेक्कन कॉलेजचे शरद राजगुरू आणि पुणे विद्यापीठाचे विश्वास काळे यांनी प्रवरा, गोदावरी, भीमा यांच्या काठांवरचे गाळाचे उभे थर वाचले. त्यांचा १९८७चा ‘नेचर’मधला लेख सांगतो की शेवटच्या हिमयुगाच्या कोरड्या काळात, मान्सून दुबळा असताना, या नद्यांनी पात्रात गाळ साठवला. नंतर पाऊस बळावला तेव्हा त्यांनी तोच गाळ कापून काढला. नेवाशाला प्रवरेच्या काठावर उभ्या असलेल्या मातीच्या दरडी म्हणजे या दोन कामांची नोंदवही आहे. नदी दुबळी असताना भरते आणि सबळ झाली की खोदते, हे ऐकायला उलटं वाटेल. पण वाहून नेण्याची ताकद कमी पडली की ओझं खाली ठेवावं लागणारच.

पुढचा दुवा समुद्रात सापडला. लिव्हिउ जोसान आणि सहकाऱ्यांनी गोदावरीच्या मुखाजवळच्या समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या दंडगोलाचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. गेल्या काही हजार वर्षांत गाळ साचण्याचा वेग खूप वाढला आणि त्यात दख्खनच्या बसाल्टचा वाटा वाढत गेला, असं त्यात दिसलं. हवामान कोरडं होत गेलं, आणि त्याच काळात दायमाबाद, जोर्वे, इनामगावच्या प्राचीन वसाहतींतल्या शेतकऱ्यांनी जमीन नांगरायला घेतली होती. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातली भातशेती काही अंशी महाराष्ट्राच्या मातीवर उभी आहे.

आता हा प्रवाह आटत चालला आहे. एका अभ्यासानुसार गोदावरीच्या खालच्या भागात १९७०च्या दशकात वर्षाला सुमारे १५ कोटी टन तरंगता गाळ जात होता, तो १९९०च्या दशकात ६ कोटी टनांच्या आत आला. उरलेला जायकवाडीसारख्या जलाशयांत बसतो आणि तिकडे त्रिभुज प्रदेशाचा किनारा समुद्र खातो. धरणांतला गाळ शेतात नेण्यासाठी राज्याने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली. ती चांगली आहे, पण गाळाकडे ती फक्त साफसफाईच्या नजरेने पाहते.

आता पुन्हा पनवेल. कड्याने ठरवलेली पाण्याची दिशा माणसाने पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर बदलली ती आपल्या डोळ्यांसमोरच्या घाटात. टाटांनी लोणावळा, वळवण, शिरवटा इथे, म्हणजे इंद्रायणीच्या खोऱ्यात, पाणी अडवलं. ते पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून पाइपांतून खोपोलीला सोडून १९१५ मध्ये वीज काढली. पुढे १९२२ला भिवपुरी आणि १९२७ला भिरा. मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांसह ज्याच्याविरुद्ध लढा दिला, ते मुळशीचं पाणी भिऱ्याला उतरतं. खोपोलीच्या वीजगृहातून सुटलेलं पाणी पाताळगंगेत येतं. तिच्यातून न्हावा-शेवा योजनेसाठी पाणी उचललं जातं, भोकरपाड्याला शुद्ध होतं आणि पनवेलकडे निघतं. एरवी देहू-आळंदीवरून भीमेत, भीमेतून कृष्णेत गेलं असतं ते पाणी पनवेलच्या स्वयंपाकघरात येतं. वर वीजनिर्मिती कमी झाली, पाणी कमी सुटलं, की खाली नळाची धार बारीक होते. पाणी घाट उतरतं, गाळ मात्र वरच्या तलावांत राहतो. उन्हाळ्यातल्या पाताळगंगेला पाणी नदीच्या नव्हे, यंत्राच्या वेळापत्रकाने मिळतं आणि सोबत मातीही येत नाही.

गाढीचं तसं नाही. माथेरानच्या डोंगररांगेतून ती सगळं घेऊन खाली येते. पहिल्या मोठ्या पावसानंतर गाढीचं गढूळ पाणी दोन काचेच्या पेल्यांत भरून ठेवा आणि एका पेल्यात चमचाभर मीठ ढवळा. साध्या पाण्यात बारीक तांबूस मळी दिवसेंदिवस तरंगत राहील. मिठाच्या पाण्यात तिच्या गुठळ्या होतील आणि थोड्या वेळात ती तळाला बसेल. मातीचे अतिसूक्ष्म कण एकमेकांना दूर लोटत असतात. मिठामुळे ते लोटणं थांबतं आणि कण एकमेकांना चिकटून जड होतात. तुरटी फिरवल्यावरही बरंचसं असंच घडतं. पनवेलच्या खाडीत प्रत्येक पावसाळ्यात हाच प्रयोग होतो. गाढी, काळुंद्री आणि कासाडीचं गोडं पाणी जिथे खाऱ्याला भेटतं, नेमका तिथे गाळ बसतो. उधाणाची भरती त्यातला काही उचलून पुन्हा वर आणते. भरतीचा लोट जोरकस आणि ओहोटी संथ असली की आत आलेला सगळा गाळ परत जात नाही.

म्हणून पनवेलची खाडी भरणं हा अपघात नव्हता. मुंबईहून होडीने पनवेलला उतरून बोरघाटाने पुण्याला जायचं, ही एकेकाळची मोठी वाट. घाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये झाला तेव्हा या बंदराचा जोर होता. १८६३ला रेल्वे कल्याण-कर्जतमार्गे घाट चढली, व्यापार तिकडे वळला, आणि उथळ होत जाणाऱ्या खाडीला मग कोणी विचारलं नाही. गाळाचं हे वागणं आगरी शेतकऱ्यांनी फार आधी ओळखलं होतं. खाडीच्या कडेला मातीचे बांध घालायचे आणि उघाडी, म्हणजे झडपेचं दार, ठेवायची. ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीला झडप मिटते. बांधाबाहेर खारफुटी गाळ धरून ठेवते, आत भात पिकतं. मातीचा, भरतीचा आणि पावसाचा एकत्र हिशेब करणारं, पिढ्यांनी तपासलेलं शास्त्र होतं हे.

सिडकोने नवी मुंबई वसवताना हेच तत्त्व डच धर्तीच्या धारण तलावांत मोठ्या आकारात घेतलं. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी तलावात थांबवायचं, ओहोटीला सोडायचं. तलाव गाळाने भरतात, गाळावर खारफुटी उगवते आणि मग कायद्याने संरक्षित खारफुटी हलवून गाळ काढणं अवघड होऊन बसतं. आरोप-प्रत्यारोप होतात, पण खाडीतोंडाशी ठेवलेल्या कुठल्याही स्थिर पाण्यात गाळ बसणारच, ही पेल्यातली गोष्ट मुळात आराखड्यात धरायला हवी होती.

२६ जुलै २००५ला गाढीला पूर आला, पनवेल बुडालं, तेव्हापासून चर्चा पावसाच्या आकड्यांभोवती फिरते. पात्राचा तळ किती वर आला, पुलांच्या कमानींखाली किती जागा उरली, हे तितकंच निर्णायक आहे. जुलै २०२३ मध्ये इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. कठीण कातळावर साचलेली माती अतिवृष्टीत सुटते तेव्हा वाडीवर काय कोसळतं ते तिथे दिसलं. असे डोंगर मोरबे आणि देहरंग धरणांच्या पाणलोटातही आहेत, आणि तिथली सुटलेली माती शेवटी जलाशयातच जाते. पनवेलची जुनी भिस्त असलेल्या देहरंगमध्ये गाळ साचल्याची ओरड दर उन्हाळ्यात होते आणि पावसाबरोबर विरते. तळोज्याच्या कासाडीत आणखी एक अडचण आहे. कारखान्यांतून आलेले धातू मातीच्या कणांना चिकटून तळाशी बसतात, त्यामुळे उद्या सांडपाणी पूर्ण बंद झालं तरी गाळातलं प्रदूषण वर्षानुवर्षं शिल्लक राहील.

आणि नवी मुंबईचा विमानतळ. ११६० हेक्टरचा हा प्रकल्प खाडीच्या मऊ, चिखलट मातीवर उभा आहे. उलव्याची टेकडी कापून त्याच दगडाने जमीन उंच केली, उलवे नदीला नवं पात्र दिलं. २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली. तो नको होता असं मी म्हणत नाही. पण नदीचं नवं पात्र आखताना किती पाणी जाईल याचं गणित मांडलं जातं, तसंच किती माती येईल आणि ती कुठे बसेल याचंही मांडलं पाहिजे, आणि बांधून झाल्यावर ते तपासत राहिलं पाहिजे. सरळ, रुंद, कमी उताराच्या पात्रात वेग मंदावतो आणि भरतीच्या टप्प्यात माती खाली बसते. डुंगी-पारगावसारख्या शेजारच्या गावांत पाणी किती चढेल, हे त्यावर अवलंबून आहे.

केंद्रीय जल आयोग मोठ्या नद्यांवर पाण्याबरोबर गाळही मोजतो, म्हणूनच गोदावरीच्या गाळाचा ऱ्हास आकड्यांत दिसू शकला. तीच पद्धत गाढी, कासाडी, उलवे आणि पाताळगंगेवर आणणं काही फार खर्चाचं काम नाही. पावसाळ्यात ठरलेल्या पुलांवरून रोज एक बाटली पाणी घ्यायचं, गाळून वजन करायचं. पावसाळ्याआधी आणि नंतर त्याच जागी पात्राचे आडवे छेद मोजायचे. देहरंगचा तळ दर काही वर्षांनी दोरीने किंवा ध्वनिलहरींनी मोजायचा. पनवेल परिसरातल्या महाविद्यालयांत भूगोल आणि रसायनशास्त्राचे विभाग आहेत, मुलं आहेत, तराजू आहेत. महापालिकेला २०१६ पासून स्वतःचा अर्थसंकल्प आहे. त्यात नालेसफाईच्या रकमेशेजारी या मोजणीचं एक शीर्षक आलं आणि आकडे दर डिसेंबरला जाहीर झाले, तर पुढच्या जूनमध्ये कुठल्या पुलाखालून किती गाळ काढायचा हे अंदाजाने ठरवावं लागणार नाही.